पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात

सासष्टीतली एक बाई घरकामासाठी कुवेतला गेली. पहिल्याच रात्री मालकिणीने ‘जपून ठेवते’ म्हणत तिचा पासपोर्ट कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. पुढे पगार तुंबला, तरी घरी परतायची सोय उरली नाही. “तो माझ्याकडेच असायला हवा, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” असं ती आता गावातल्या, निघायच्या तयारीत असलेल्या बायकांना सांगते.

तिच्यावर झालेला अन्याय कुवेतच्या कायद्यालाही मान्य नाही. घरकामगारांसाठीच्या 2015 च्या 68 क्रमांकाच्या कायद्याने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवायला मनाई केली. दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 30 दिवसांची भरपगारी रजा हेही त्यातच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2011 चा 189 क्रमांकाचा करार तर सुट्टीच्या वेळात घरातच थांबायची सक्तीही नाकारतो. खेदाची गोष्ट अशी, की त्यावर ना कुवेतने मोहोर उमटवली, ना भारताने.

स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा 1979 चा करार मात्र दोन्ही देशांनी स्वीकारला आहे. त्याच्या समितीने 2008 मध्ये स्थलांतरित कामगार स्त्रियांसाठी 26वी शिफारस काढली. कोंडून ठेवणं आणि कागदपत्रं हिसकावणं थांबवा, असं ती सरकारांना बजावते.

पण हक्क बजावायचा तर हातात कागद लागतो, आणि एजंट नेमका तिथेच खेळ करतो. ‘आधी व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून घेऊ’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे नकार द्यावा. ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागणाऱ्या पासपोर्टवर आखातात घरकामाला जाणाऱ्या स्त्रीचं वय किमान 30 हवं आणि तिचा करार भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला हवा. ही वाट चुकवून गेलेली बाई हक्क गमावत नाही, पण तिची नोंदच कुठे नसल्याने तिला शोधणं आणि सोडवणं फार जड जातं.

अटक झाली, तर दूतावासाला कळवण्याची मागणी करावी. 1963 च्या व्हिएन्ना कराराने तो हक्क दिला आहे.

तुमच्या वाड्यावरून कुणी निघाली असेल, तर तिचा करार तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एकेक प्रत घरी ठेवा आणि दूतावासाचा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या.