हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि ओहोटीचे गणित

भिवंडी आज यंत्रमागांचे शहर म्हणून परिचित असले, तरी ते मुळात खाडीकाठचे बंदर होय. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीपट्ट्यात जहाजबांधणीस प्रारंभ केला. भरतीचे पाणी आजही दिवसातून दोनदा या खाडीत चढते. मात्र ते केव्हा चढेल, हे सांगू शकणारी मुले तालुक्यातील शाळांत फार थोडी आढळतील. त्याच मुलांची सहल हरिहरेश्वरी जाते, तेव्हा हे अज्ञान धोक्याचे ठरते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील या क्षेत्री मंदिरामागील डोंगरास प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. पायऱ्यांची वाट प्रथम डोंगरावर चढते, पुढे दोन कड्यांमधील अरुंद खिंडीतून थेट समुद्राकडे उतरते आणि कड्याच्या पायथ्याच्या खडकांवरून वळसा घेऊन परत येते. या खडकांत खारे पाणी मुरून सुकते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण कण सुटत जाऊन मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात. भूगोलाचा असा पाठ वर्गात देता येत नाही.

कड्यावर पाच मिनिटे मुकाट्याने उभे राहिल्यास ब्राह्मणी घार दिसतेच. नशीब असेल तर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुडही दिसतो. खाली उतरल्यावर खडकातील डबक्यांत खेकडे, शिंपले आणि समुद्रफुले पाहावीत. उचलून आणू नयेत. सावित्रीच्या मुखापलीकडील वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण केले. बागमांडला येथून तरीने खाडी ओलांडून तेथे जाता येते.

परंतु ही खालची वाट ओहोटीपुरतीच मोकळी असते. लाटेने ओढले जाऊन येथे पर्यटक दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पावसाळ्यात तर ही वाट टाळावीच.

वेळ काढण्याची कोळी बांधवांची रीत सोपी आहे. तिथीच्या अंकास तीनने गुणून चारने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घटिका. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब एकच. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तितकीच मागे सरते. चतुर्थीस चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होत असल्याने पहाटे तीनच्या भरतीनंतरची ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास येते. खडकांवर साडेसातला उतरावे आणि नऊपूर्वी वर यावे. अष्टमीस ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास येते खरी, परंतु त्या दिवशी पाणी फारसे मागे हटत नाही. हा हिशेब अदमासाचा आहे; सहल ठरविताना भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहणे शिक्षकांनी टाळू नये. शिवाय कोष्टकाला वाऱ्याची आणि उधाणाची कल्पना नसते, म्हणून स्थानिक माणसाने 'आज नको' म्हटले की वाद घालू नये.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींस एक सुचवावेसे वाटते. 'सावधान' हा शब्द रंगविलेली पाटी माणूस वाचतो आणि पुढे जातो. तिच्याशेजारी एक साधा फळा ठेवून त्या दिवशीची 'खाली उतरू नये' ही वेळ खडूने लिहिल्यास ती अधिक मानली जाईल. खर्च काहीच नाही. रोज सकाळी लिहिणारा माणूस मात्र हवा.

भिवंडीच्या शिक्षकांना सहलीपूर्वीची तयारी घरीच करता येईल. पुलाच्या खांबावरील पाण्याची रेषा काठावरूनच पंधरा दिवस नोंदवावी. खाडीत पाणी आतपर्यंत येण्यास वेळ लागतो, म्हणून सूत्राच्या घटिकेहून येथील भरती उशिरा दिसेल. तो फरक मुलांनीच शोधावा. एवढा दूरचा प्रवास ज्या शाळांना झेपणार नाही, त्यांना ठाणे खाडी जवळ आहे. तेथील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी तेथील चिखलावर चरतात, आणि ऐरोलीहून निघणाऱ्या नौकेच्या वेळाही भरती पाहूनच ठरतात.