पद्मिनीला रविवारी बाहेर काढावं लागतं

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर एक मोठी पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथं हळदीची पोती लागायची, आता गाड्या लागतात. फियाट ११००, प्रीमियर पद्मिनी, मार्क टू अँबेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, महिंद्राची विलीज जीप, शिवाय लँब्रेटा, जावा आणि चेतक. भिंतींवर बर्मा शेल, कॅलटेक्सच्या एनॅमलच्या पाट्या. फळ्यांवर मर्फीचे रेडिओ, ग्रामोफोन, टाइपरायटर, कंदील. जमवलं सगळं सासऱ्यांनी. आम्ही आणि सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतो. तिकीट फाडण्यापासून उंदीर पकडण्यापर्यंतची कामं घरचीच माणसं करतात. सून म्हणून त्यात पडले, तेव्हा क्लच कुठला नि ब्रेक कुठला एवढंच मला कळायचं. ज्यांच्या घरात असली हौस आहे किंवा शिरू पाहते आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. उभी गाडी जास्त काम काढते

लोकांना वाटतं, गाडी झाकून ठेवली की टिकते. होतं उलटंच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि एक दिवस ब्रेक दाबला की चाक सुटायचं नाव घेत नाही. टायर एकाच जागी दबून चपटे पडतात. सीटमधल्या काथ्यात उंदरीण बाळंत होते आणि तिची पिल्लं वायरिंगवर दात घासतात.

म्हणून रविवारी सकाळी पद्मिनी बाहेर निघते. आधी रेडिएटरचं पाणी आणि ऑइलची पट्टी बघायची. मग खाली वाकून चारही टायरांच्या आतल्या बाजूला हात फिरवायचा. ओलं लागलं तर व्हील सिलिंडर गळतोय, त्या दिवशी गाडी हलवायची नाही. आठवडाभरात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, त्यामुळे पहिल्या सेल्फला ती उठत नाही. चोक ओढून, थोडं थांबत थांबत सेल्फ मारावा लागतो. घाई केली की प्लग ओले होतात आणि मग सगळं घर अंगणात येऊन सल्ले देतं.

चालू झाल्यावर दोन मिनिटांत बंद करणं हे चालूच न करण्यापेक्षा वाईट. इंजिन तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून सडतो. पंधरा-वीस किलोमीटर फिरवून, नीट तापवूनच आणायची. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा गाड्या लोखंडी घोड्यांवर चढवायच्या, बॅटरीची वायर काढायची आणि वर सुती चादर घालायची. प्लास्टिकच्या कव्हरखाली पत्र्याला घाम येतो.

२. उसाशी भांडता येत नाही

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, मऊ पडतात. शिवाय ते पाणीही धरतं. आमची पंचाईत अशी, की ज्या उसावर घर चालतं त्याच उसाचं इथेनॉल आमच्या गाड्यांचे पाइप खातं. तक्रार करायची कुठल्या तोंडाने? नव्या पेट्रोलला चालणारे पाइप घातले, टाकीत पेट्रोल कमी ठेवतो आणि पावसाळ्याआधी उपसून काढतो.

३. लोक आपली गाडी शोधायला येतात

अण्णांना विदेशी गाड्यांचं फार. अहमदाबादजवळ कठवाड्याला प्राणलाल भोगीलाल यांच्या कुटुंबाने जपलेला संग्रह आहे. रोल्स रॉइस, बेंटली, लगोंडा, शंभराच्या वर गाड्या. तो बघून आल्यावर कितीतरी दिवस अण्णांना आपली शेड केविलवाणी वाटत होती. मला मात्र तिथल्या आणि आमच्याकडच्या माणसांतला फरक दिसला. राजेमहाराजांच्या गाडीसमोर माणूस जरा मागे सरकून उभा राहतो. पद्मिनीसमोर तो थेट दाराला हात घालतो आणि म्हणतो, ‘हे दार असं नाही लागत, जरा उचलून लावावं लागतं.’

ही गाडी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथं फियाट ११०० बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. मुंबईत हिच्या टॅक्सीवर पोरांची शिक्षणं झाली, गावाकडं घरं उभी राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली, त्यानंतर आमच्याकडं येणाऱ्यांत टॅक्सीवाल्यांची कुटुंबं वाढली. एक आजोबा नातवाला स्टिअरिंगखालचा गिअर दाखवत होते. डोळे मिटून पहिला, दुसरा, तिसरा टाकला. हात कुठंही चुकला नाही. नातवाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, हेही सांगायला हवं.

शेजारच्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या डोक्याने ‘मीरा’ नावाची छोटी गाडी घडवली होती. मोठ्या उत्पादनापर्यंत ती पोचली नाही. आमच्याकडं तिचं फक्त एक कात्रण आहे, फ्रेममध्ये. इचलकरंजीची माणसं जीपपेक्षा त्याच्यासमोर जास्त वेळ थांबतात.

४. आधी कागद, मग गाडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी गाठली. आमची शेड उंचावर, तिथं पाणी आलं नाही. पण कागदांची ट्रंक सांगलीतल्या जुन्या घरात होती. आरसी बुकं, विक्रीच्या पावत्या, हेरल्डचं मॅन्युअल, सगळ्याचा लगदा. घरातल्यांनी पानं सोडवून उन्हात घालायला सुरुवातही केली होती. नणंदबाई ग्रंथालयात नोकरीला, त्यांनी फोनवरूनच ओरडून थांबवलं. ओली पानं ओढायची नाहीत, कडक उन्हात टाकायची नाहीत. पिशव्यांत भरून गोठवायची म्हणजे बुरशी थांबते, मग सवडीने थोडी थोडी काढून पंख्याखाली वाळवायची. मिरजेत ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजमध्ये आमची आरसी बुकं महिनाभर मँगो कँडीच्या शेजारी राहिली. बहुतेक वाचली.

पत्रा ठोकून मिळतो, इंजिन बोअर करून मिळतं. कागद गेला की गाडी कायद्याने भंगार. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या खासगी दुचाकी-चारचाकींना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर आणि वीस हजार रुपये फी. आधी नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि त्यासाठीच तर जुने कागद लागतात. १९८९ मध्ये ‘एमएच’ आलं, त्याआधीची तीन अक्षरी पाटी बघून जाणती माणसं गाडी कुठल्या जिल्ह्यातली ते सांगतात. ती पाटी गेली तर गाडीचं गाव गेलं.

याच नियमाने विंटेज नोंदणीची गाडी धंद्याला लावता येत नाही, रोज फिरवताही येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तरी लग्नसराईत फोन येतातच: ‘नवरदेवासाठी तेवढी जीप द्या की.’ नाही म्हणायला मी शिकले, अण्णांना अजून जमत नाही.

५. चकाकी बेतानं

रंग हा पहिला मोह. शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपला हेरल्ड दिली. त्यांनी बोटभर लांबी भरून तिला आरशासारखी करून पाठवली. दुसऱ्या पावसाळ्यात लांबीखालचा गंज फुगून वर आला. आता आधी पत्रा उघडा करून बघतो, सडलेला तुकडा कापून नवा जोडतो आणि जिथं मूळ रंग धड आहे तिथं हात लावत नाही. पितळ घासायच्या पॉलिशने एनॅमलच्या पाटीची अक्षरं पुसट होतात; मऊ ओलं फडकं पुरतं. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलंत तर गाणं बोळ्याबरोबर येईल. आणि माळ्यावरून काढलेला व्हॉल्व्हचा रेडिओ थेट प्लगला कधीही लावू नका. आधी सीरिजमध्ये बल्ब लावून बघा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, रेडिओ जळायचा वाचला.

६. मिस्त्रींचा कान

आमचे मिस्त्री टॅपेटचा आवाज ऐकून फटीचा अंदाज सांगतात. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममध्ये आहे, त्याला यात रस नाही आणि का असावा? आता मिस्त्री काम करताना माझी मुलगी मोबाइलवर शूटिंग करते. ते लाजतात आणि नेमके त्याच वेळी काही बोलत नाहीत.

७. वस्तू घेताना लिहून घ्या

लोक फार प्रेमाने वस्तू आणून देतात. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील दिला नाही असं आमच्या पंचक्रोशीत घर नसेल. प्रत्येकाला तो दर्शनी जागी हवा असतो, आणि मग दोन वर्षांनी धाकटा भाऊ येतो: ‘दादानं कुणाला विचारून दिला?’ तेव्हापासून साधा एक पानी कागद ठेवलाय. वस्तू कायमची की ठेवायला, घरातल्या कुणाकुणाला माहीत आहे, आणि तिची हकीकत देणाऱ्याच्या हाताने लिहिलेली. या हकिकती कंदिलांपेक्षा वाचनीय आहेत. एका आजींनी लिहिलंय, याच उजेडात सासूने माझी पोळी तपासली.

८. वाटणीचं आधी बोला

गंज, पूर, उंदीर, सगळ्यांवर इलाज आहे. घरगुती संग्रह मोडतो तो वाटणीत. तिकिटांवर वीजबिल कसंबसं निघतं, बाकी सगळं हळद आणि उसातून. पण जुन्या गाड्यांचे बाजारातले भाव ऐकून पाहुण्यांचे डोळे मोठे होतात आणि शेडकडं जमिनीसारखं बघितलं जातं.

पुण्याच्या दिनकर केळकरांचं मला नवल वाटतं ते इथं. चष्म्याच्या दुकानाचा घरचा व्यवसाय, गावोगाव हिंडून अडकित्त्यांपासून दिव्यांपर्यंत वीस हजारांवर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि हयातीतच सगळं सरकारच्या हवाली केलं. अण्णांना ते पटत नव्हतं. ‘सरकारला द्यायला मी काय मेलोय?’ हा त्यांचा प्रश्न. शेवटी नणंदबाईंनीच विषय काढला, दिवाळीत, सगळे जेवायला बसलेले असताना. दोन दिवस अबोला झाला. मग ट्रस्ट करायचं ठरलं: गाड्या ट्रस्टच्या, शेड ट्रस्टला भाड्याने, विकायची वेळ आलीच तर तिन्ही भावंडांच्या सह्या. वकिलांनी यादी मागितली, तेव्हा कळलं की लँब्रेटा कागदोपत्री अजून अण्णांच्या साडूंच्या नावावर आहे.

जीपचं अजून ठरलेलं नाही. धाकट्या भाऊजींचं म्हणणं, ती संग्रहालयाची नव्हेच, शेतावरची. आणि खरं सांगायचं तर ऊसतोडीच्या दिवसांत ती शेतावरच असते.