तीन लांब शब्द
(वाचावयाचे शास्त्रभाग : रोम. ५:१, ८:३०, १ थेस्स. ५:२३)

इंग्रजी ख्रिस्ती ग्रंथांत जस्टिफिकेशन, सँक्टिफिकेशन व ग्लोरिफिकेशन असे तीन लांब शब्द येतात. तिहींची शेवटची ९ इंग्रजी अक्षरे सारखीच असून त्यांच्या मुळाशी ‘करणे’ ह्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. तरी तिहींचा अर्थ एकच, असे समजू नये.

१. पहिल्याचा अर्थ नीतिमान ठरविणे. धुळ्याच्या वा जळगावच्या न्यायालयात न्यायाधीशाने आरोपीस निर्दोष ठरविले की तो त्याच क्षणी मोकळा होतो. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यास देव तसेच नीतिमान ठरवितो. मूळ ग्रीक शब्दाचा हा भाव मराठी शास्त्रातील ‘ठरविणे’ हे क्रियापद लॅटिनपेक्षा अधिक स्पष्ट दाखविते.

२. दुसऱ्याचा अर्थ पवित्र करणे. कपाशीची निंदणी एकदाच करून भागत नाही. गवत पुनः उगवते. पवित्र आत्म्याचे हे कार्य जन्मभर चालते.

३. तिसऱ्याचा अर्थ गौरव करणे. ही वेचणी होय. ती प्रभूच्या आगमनसमयी पूर्ण होईल.

“आधी सुधारेन, मग प्रभूकडे येईन,” असे म्हणणारा निंदणी आधी व पेरणी मागून करू पाहतो. असे करणाऱ्याच्या पदरी पीक कोठून पडणार? ह्यास्तव आहा तसेच आजच या. नीतिमान ठरविणारा, पवित्र करणारा व गौरव करणारा देव एकच आहे.