संगणकाचा फेरा आणि मागाचा काटा

कापडाच्या धंद्यात कष्टाचे काम वेगळे आणि कंटाळ्याचे काम वेगळे. गठाण उतरवणे हे कष्टाचे काम. ते झाले की माणूस घाम पुसून चहा पितो. पण तीनशे साड्यांच्या फोटोंना एकेक करून नंबर देणे, दीडशे गिऱ्हाइकांच्या नावांची दीडशे फोल्डर उघडणे, हे कंटाळ्याचे काम. त्यात घाम निघत नाही, पण दुपारनंतर डोळे जड होतात आणि चुका सुरू होतात.

वरणगावसारख्या गावातही हे काम आता प्रत्येक दुकानात शिरले आहे. मुक्ताईनगर, बोदवड, रावेरकडील किरकोळ दुकानदार माल पाहायला येण्याआधी फोनवर फोटो मागतो. रमजान आणि लग्नसराई एकत्र आली म्हणजे फोटोंचा ढीग पडतो. हा ढीग उपसण्याची एक विद्या संगणकात फार वर्षांपासून आहे आणि ती फुकट आहे. तिला लूप म्हणतात. आपण फेरा म्हणू. आज याच फेऱ्याचा धडा आपण पाहणार आहोत. त्याचा फायदा सांगू आणि त्याने आमचे जे नुकसान केले तेही सांगू.

मागावरचा फेरा

फेरा ही कल्पना कापडवाल्यांना नवी नाही. बुऱ्हाणपूर, मालेगाव किंवा भिवंडीच्या कारखान्यात ज्यांनी जेकार्ड पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ती लगेच येईल. फ्रान्समधील लियॉन शहराच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले आणि त्याच्याच नावावरून आपण त्याला जेकार्ड म्हणतो. मागाच्या वर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या असतात. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. जिथे भोक तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो. या सगळ्या पट्ट्या दोरीने ओवून शेवटची पट्टी पहिलीला जोडलेली असते. माळ फिरत राहते आणि तीच वेल, तेच फूल ताग्यावर पुन्हा पुन्हा उमटते. विणकराला प्रत्येक फुलाला नवा हुकूम द्यावा लागत नाही.

संगणकातील लूप म्हणजे हीच माळ. हुकूम एकदा लिहायचा, फेरे संगणकाने मारायचे.

मात्र यंत्रमागावर आणखी एक लहानसा भाग असतो, तो विसरू नये. आडवा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबवणारा काटा, ज्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. तो नसता तर धोटा रिकामाच धावत राहिला असता आणि कापडात वावभर भोके पडली असती. संगणकाच्या फेऱ्याला असा काटा जन्मतः नसतो. तो आपल्याला बसवावा लागतो. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे.

शेल म्हणजे काय?

बदामाला जसा आत गर आणि बाहेर कवच असते, तसेच संगणकाच्या कारभाराचे आहे. आतल्या गराशी आपण थेट बोलत नाही. बाहेरच्या कवचाला हुकूम देतो आणि ते आत पोहोचवते. या कवचाला शेल म्हणतात. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत स्टीफन बोर्न यांनी लिहिलेले शेल १९७९ मध्ये युनिक्सबरोबर बाहेर आले. त्याच घराण्यातले, ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश १९८९ मध्ये आले. लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर आज हेच बॅश मिळते. विंडोजवाल्यांनाही २०१६ पासून आपल्याच संगणकात लिनक्सचे हे कवच बसवून घेता येते. पैसे पडत नाहीत.

एका साध्या फाइलीत हुकूम ओळीने लिहून ठेवले की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात. ती आपली हुकमांची चिठ्ठी. आज लिहिली, तर पुढच्या हंगामातही तीच चिठ्ठी चालते.

एक सूचना. छपाईसाठी आम्ही खालील हुकूम देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीच्या लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकावेत. फोटोंची आणि फोल्डरांची नावे मात्र मराठीत किंवा उर्दूत असली तरी चालतात.

धडा पहिला : फॉर

फॉर म्हणजे 'यांतील प्रत्येकासाठी'. समजा एका फोल्डरमध्ये साड्यांचे फोटो आहेत. त्या फोल्डरमध्ये जाऊन असे लिहावे :

फॉर फोटो इन *.जेपीजी
डू
एको "$फोटो"
डन

अर्थ सोपा आहे. तारा म्हणजे 'नाव काहीही असो, शेवट जेपीजी असलेल्या सर्व फाइली'. 'फोटो' ही रिकामी पिशवी आहे. प्रत्येक फेऱ्यात तिच्यात एका फाइलीचे नाव पडते. डॉलरचे चिन्ह लावले की पिशवीतील नाव बाहेर येते. 'डू' आणि 'डन' यांच्यामध्ये जे लिहिले ते प्रत्येक फेऱ्यात होते. 'एको' फक्त नाव छापून दाखवतो, कशाला हात लावत नाही. हा निरुपद्रवी हुकूम लक्षात ठेवावा, पुढे तोच आपल्याला वाचवणार आहे.

दुहेरी अवतरणचिन्हे का? व्हॉट्सॲपवरून संगणकावर उतरवलेल्या फोटोंच्या नावात शब्दांमध्ये मोकळी जागा असते. अवतरणचिन्हे नसली तर शेल एका नावाचे चार तुकडे करून चार फाइली समजतो. शिवाय या फोटोंचा शेवट बहुधा जेपीजी नसून जेपीईजी असतो आणि काही कॅमेरे तोच शेवट मोठ्या अक्षरांत लिहितात. शेलच्या लेखी ही तिन्ही वेगळी आहेत. फेरा मारल्यावर पडद्यावर नुसतेच '*.जेपीजी' उमटले, तर समजावे की फोल्डर चुकले आहे किंवा शेवट चुकला आहे.

आमचे तीनशे बारा फोटो

आता नुकसानीची गोष्ट. एका ईदच्या आधी आम्ही दुकानातील ३१२ साड्यांचे फोटो काढले. दोन दिवस घड्या मोडणे, फोटो काढणे, पुन्हा घड्या घालणे चालले होते. कॅमेऱ्याने दिलेली नावे गिऱ्हाइकाला कळणार नाहीत म्हणून नावे बदलायची होती. फॉरचा फेरा आम्हाला नुकताच आला होता. शागिर्दाला दोन दिवसांत उस्ताद झाल्यासारखे वाटते, तसे आमचे झाले. आम्ही 'डू' आणि 'डन' यांच्यामध्ये 'एमव्ही' हा नाव बदलण्याचा हुकूम लिहिला आणि नवे नाव दिले 'साडी.जेपीजी'. पुढे क्रमांक लावायचा राहून गेला.

पहिल्या फोटोचे नाव साडी झाले. दुसऱ्याचेही साडी झाले आणि पहिला पुसला गेला. तिसऱ्याने दुसरा पुसला. डोळ्याचे पाते लवेपर्यंत ३१२ फेरे झाले. संगणकाने ना विचारले, ना तक्रार केली. फोल्डर उघडून पाहतो तो एकच फोटो, शेवटच्या साडीचा. वेगळी प्रत आम्ही ठेवली नव्हती. घरच्या मुलांना आणि गुमास्त्याला घेऊन पुन्हा दोन दिवस तेच काम केले, आणि दरम्यान ज्या साड्या विकल्या गेल्या त्यांचे फोटो गेले ते गेलेच. त्या दोन दिवसांत फोटोची वाट पाहणारी काही गिऱ्हाइके दुसरीकडे वळली.

हाताने काम करणारा गुमास्ता दुसऱ्याच फोटोला अडला असता. 'शेठ, या नावाचा तर एक आहे,' असे म्हणाला असता. फेरा असे म्हणत नाही. तो अत्यंत आज्ञाधारक नोकर आहे. बरोबर हुकूम ३१२ वेळा पाळतो आणि चुकीचाही ३१२ वेळा पाळतो.

धडा दुसरा : काटा बसवणे

आता तेच काम आम्ही असे करतो. आधी 'नवे' नावाचे रिकामे फोल्डर करून ठेवतो. मग :

क्रम=१००१
फॉर फोटो इन *.जेपीजी
डू
सीपी "$फोटो" "नवे/साडी-$क्रम.जेपीजी" || ब्रेक
क्रम=$((क्रम+१))
डन

यात तीन गोष्टी पाहाव्यात. एक, 'एमव्ही'च्या जागी 'सीपी' आहे. तो नक्कल करतो आणि मूळ फोटो जागेवर राहतो. दोन, 'क्रम' दर फेऱ्यात एकाने वाढतो, म्हणून दोन फोटोंना एक नाव मिळत नाही. सुरुवात १००१ पासून करण्याचे कारण असे की शेल नावे अक्षरांच्या क्रमाने लावतो. १ नंतर १०, मग १००, आणि २ फार मागे. सर्व क्रमांक चार आकडी असले की ओळ बिघडत नाही आणि एका साडीचा भाव दुसऱ्या साडीला लागत नाही.

तीन, दोन उभ्या रेषा आणि 'ब्रेक'. त्यांचा अर्थ 'नक्कल जमली नाही तर फेरा इथेच मोड'. पेन ड्राइव्ह भरला, फोल्डर सापडले नाही, तरी साधा फेरा कुरकुरत पुढेच धावतो. ब्रेक असला की पहिल्याच अडचणीला थांबतो. हाच आपला मागाचा काटा. त्यातूनही फेरा हाताबाहेर जात आहे असे दिसले, तर कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावीत. माग हाताने बंद करावा तसा तो बंद होतो.

काम झाल्यावर मोजदाद करावी. 'एलएस | डब्ल्यूसी -एल' हा हुकूम फोल्डरमध्ये किती नावे आहेत ते सांगतो. मूळ फोटो ३१२ तर 'नवे'मध्येही ३१२ हवेत. संध्याकाळी रोजमेळ जुळवल्याशिवाय आपण शटर ओढत नाही, त्यातलाच हा प्रकार.

धडा तिसरा : यादीवरून काम

गिऱ्हाइकांची नावे एका साध्या फाइलीत, एका ओळीत एक, लिहून ठेवावीत. मग :

व्हाइल रीड -आर नाव
डू
एमकेडीआयआर "$नाव" || ब्रेक
डन < यादी.टीएक्सटी

'व्हाइल' म्हणजे 'जोपर्यंत'. जोपर्यंत यादीतून नवी ओळ वाचता येते तोपर्यंत फेरा चालतो आणि प्रत्येक नावाचे एक फोल्डर तयार होते. दीडशे फोल्डर हाताने करायला एक दुपार जाते. इथे चहा ओतेपर्यंत होतात. यादीत एखादे नाव दोनदा आले असेल तर दुसऱ्या वेळी फोल्डर होत नाही आणि ब्रेकमुळे फेरा थांबतो. म्हणजे यादीतील चूकही पकडली जाते. ती सुधारून रिकाम्या जागी पुन्हा सुरुवात करावी.

यात एक खोच आहे. शेवटचे नाव लिहून एंटर दाबले नसेल, तर ती ओळ पुरी झाली असे 'रीड' मानत नाही आणि शेवटचे गिऱ्हाईक राहून जाते. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास झाली तर नजरेला कळत नाही. मोजले तरच कळते.

चार नियम

१. फेऱ्यात आधी 'एको' लिहून पाहावा. नावे बरोबर दिसली तरच खरा हुकूम लिहावा. तागा फाडण्याआधी आपण गज दोनदा लावतो, तसेच हे आहे.

२. पहिला फेरा तीन-चार फाइलींच्या वेगळ्या फोल्डरवर मारावा. नमुना पसंत पडला की मग गठाण उघडावी.

३. मूळ माल हलवू नये. त्याची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

४. पुसून टाकणारा 'आरएम' हा हुकूम नवशिक्याने फेऱ्यात कधीही घालू नये. बिलांच्या फोल्डरमध्ये तर नाहीच नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. 'लूपने पुसली' हे उत्तर अधिकारी ऐकून घेणार नाही.

शिकायचे कोठे?

मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प छोट्या चित्रफितींतून संगणक मोफत शिकवतो. लिनक्स आणि बॅश हे विषय त्यात आहेत आणि अनेक पाठ मराठीतही ऐकता येतात. घरातील शिकत्या मुला-मुलींना बरोबर बसवावे. इंग्रजीची भीती बाळगू नये. आमची तालीम उर्दू शाळेत झाली. इथे लागणारे इंग्रजी शब्द मोजून पंधरा-वीस आहेत.

राहता राहिला गुमास्त्याचा प्रश्न. फेऱ्याने त्याची रोटी जाईल का, असे काही बांधव विचारतात. आमच्या दुकानात तरी फोटोंचे काम फेरा करतो आणि गुमास्ता गिऱ्हाईक पाहतो. नावे बरोबर आली की नाही, हे 'एको'च्या यादीवरून तोच तपासतो, कारण कोणती साडी कोणत्या कप्प्यात आहे हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. माग कितीही वेगाने चालला तरी काटा नीट बसला आहे की नाही ते माणसालाच पाहावे लागते. तेव्हा बांधवांनी ही विद्या जरूर शिकावी, आणि पहिल्या दिवशी 'एको'वरच थांबावे.