गंजलेला ब्रेक पाइपचा नट सोडवताना

कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत जुन्या गाड्यांचे ब्रेक पाइप लवकर गंजतात. अशी गाडी हाती आली की कारागीर बंधूंनी घाई करू नये.

साध्या पान्याने जोर दिल्यास नटाचे कोपरे झिजतात. त्यासाठी पाइप आत शिरेल अशी खाच असलेला फ्लेअर पाना वापरावा. प्रथम तारेच्या ब्रशने गंज काढून, गंज सोडवणारे तेल मारून रात्रभर ठेवावे. सकाळी नट किंचित आवळून मग सैल करावा. ज्योत लावू नये. ब्रेक ऑइल पेट घेते.

नटाबरोबर पाइपही पिळू लागला तर तो पाइप बाद समजावा. नटालगत कापून, सहा कोनी सॉकेटने नट काढावा आणि नवा पाइप घालावा. जोडताना इंजिन ऑइल किंवा ग्रीस आत जाऊ देऊ नये. त्याने रबरी सील फुगतात. शेवटी हवा काढून, पेडल जोराने दाबून गळती तपासावी.

नव्या पाइपचा संभाव्य खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. नंतर सांगितल्यास वाद होतो आणि वाद टाळण्यासाठी पिळलेलाच पाइप बसवण्याचा मोह होतो. तो मोह कोणाच्या तरी जिवावर बेततो.