राष्ट्रीय महामार्गांचे दीर्घकालीन नियोजन : नागपूर योजनेपासून आजपर्यंत

एखादा रस्ता दोन-तीन वर्षांत बांधून पूर्ण होतो. परंतु त्याची दिशा पुढील अनेक दशके बाजारपेठा, वस्त्या आणि माणसांचे येणेजाणे ठरवीत राहते. म्हणून रस्त्यांच्या जाळ्याचे नियोजन ही केवळ अभियंत्यांची बाब नसून ती सामाजिक निर्णयाची बाब आहे. या नियोजनाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : पैसा कोठून आणावयाचा, कोणाला कोणाशी जोडावयाचे आणि रस्त्यावरील माणसाचे रक्षण कसे करावयाचे? भारताच्या महामार्गांचा इतिहास हा या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास होय.

पहिला प्रश्न बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 साली नेमलेल्या समितीने हाताळला. मोटारींची संख्या वाढत होती आणि रस्त्यांचा भार प्रांतिक व स्थानिक संस्थांना पेलत नव्हता. रस्तेविकास हे राष्ट्रीय हिताचे कार्य असून पेट्रोलवरील जादा करातून त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस समितीने केली. त्यानुसार 1929 साली केंद्रीय मार्ग निधी अस्तित्वात आला. जो रस्ता वापरतो त्याने त्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, हे तत्त्व येथे रुजले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 1943 च्या डिसेंबरात नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने दिले. देशासाठी आखलेली ही पहिली 20 वर्षांची मार्गयोजना होती. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशा श्रेणी तिने निश्चित केल्या आणि दर 100 चौरस किलोमीटर क्षेत्रात 16 किलोमीटर रस्ते असावेत, असे उद्दिष्ट ठेवले. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांहून दूर राहू नये, ही तिची कसोटी विशेष मोलाची आहे. कारण जाळ्याचे यश तिने राजधान्यांमधील अंतरावरून न मोजता खेड्याच्या अंतरावरून मोजले. पुढे 1961 ते 1981 या काळासाठीच्या मुंबई योजनेने रस्त्यांच्या घनतेचे उद्दिष्ट दुप्पट, म्हणजे 32 किलोमीटर केले.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महामार्ग हा विषय संविधानाच्या संघ सूचीत गेला आणि 1956 साली राष्ट्रीय महामार्ग अधिनियम संमत झाला. 1951 च्या सुमारास या महामार्गांची लांबी सुमारे 20,000 किलोमीटर होती. आज ती 1,46,000 किलोमीटरहून अधिक आहे. परंतु आधुनिकीकरण म्हणजे केवळ लांबी नव्हे. 1998 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्पाने दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा 5,846 किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन चौपदरी करण्याचे काम हाती घेतले. 2000 साली आरंभलेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशातील 500 हून अधिक लोकसंख्येच्या व रस्त्याविना राहिलेल्या वस्त्या बारमाही रस्त्याने जोडण्याचे ध्येय ठेवले. या दोन योजना परस्परपूरक आहेत. मुख्य कालवा कितीही रुंद केला तरी पाटचाऱ्या नसतील तर शेत कोरडेच राहते; महामार्गाचेही तसेच आहे.

तिसरा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. 2022 साली देशातील रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के आहे. तरीही या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक याच मार्गांवर झाले. रस्ता रुंद झाला की वेग वाढतो आणि रस्त्याच्या एका बाजूला घर व दुसऱ्या बाजूला शाळा असलेल्या मुलाला तोच रस्ता ओलांडणे कठीण होते. म्हणून भुयारी मार्ग, पादचारी पूल, सेवा रस्ते व दिवे यांना आराखड्यात प्रथमपासून स्थान हवे. नियमित डागडुजी व पाण्याचा निचरा यांसाठीही आरंभीच तरतूद हवी, कारण साचलेले पाणी उत्तम डांबरी रस्ताही पोखरून टाकते.

उद्याच्या अभियंत्यांनी, प्रशासकांनी आणि नागरिकांनी नकाशावरील नवी रेषा पाहताना ती कोठून कोठे जाते, एवढेच विचारून थांबू नये. ती कोणाच्या दारावरून जाते आणि त्याला तिचा उपयोग होतो काय, हेही विचारावे. नागपूरच्या परिषदेने घालून दिलेली खेड्याच्या अंतराची कसोटी आजही तितकीच खरी आहे.