कर्ज काढण्याआधी पगाराची चौकशी

पोरी, नर्सिंगला जायचं ठरवलंस, ऐकून फार बरं वाटलं. पण तू आणि तुझे बाबा फी कॉलेजला विचारताय आणि पगाराचा आकडाही कॉलेजच्याच माहितीपत्रकातून उचलताय, म्हणून मध्ये बोलते. पत्रकातला पगार बहुतेक वेळा सरकारी नोकरीचा असतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं, आपल्या राज्याच्या अधिपरिचारिकेचं 35,400 पासून, हे खरंच आहे. पण त्या जागा स्पर्धा परीक्षेने भरतात, जाहिरात निघेपर्यंत थांबावं लागतं आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून कर्ज मोजायचं ते खासगी रुग्णालयातल्या पहिल्या वर्षाच्या पगारावर.

तो पगार कॉलेजच्या ऑफिसात विचारू नकोस. कॉलेजच्या रुग्णालयाच्या फाटकापाशी दुपारी, मॉर्निंग ड्युटी सुटायच्या वेळेला जाऊन उभी राहा. गेल्या वर्षी पास झालेल्या स्टाफ नर्स बाहेर पडतील, त्यांच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत चाल. हातात किती पडतात, पीएफ भरतात का, नाइटचे वेगळे मिळतात का, बॉण्ड लिहून घेतलाय का, मूळ मार्कशीट कुणाकडे आहेत, एवढं विचार. मुली मोकळेपणाने सांगतात. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी तिची शिफारस होती. त्याहून कमी पगारात राबवणारी रुग्णालयं आजही आहेत, याचा मला फार राग येतो. पण हिशेब करताना तिथला खरा आकडाच धर.

आता कागद घे. समजा चार वर्षांच्या बीएस्सीला दरवर्षी दीड लाख, म्हणजे 6 लाख कर्ज, दर दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चालू असतं. ते धरलं की हप्ता सुरू होताना 6 लाखांचे 8 लाख 10 हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 10,700 रुपये. पंधरा वर्षं घेतलीस तर 8,700, पण मग एकूण साडेपंधरा लाखांच्या वर जातात. पगार 18,000 असेल तर खोलीभाडं, डबा, बसपास आणि घरी पाठवायचे पैसे कुठून काढशील? माझं म्हणणं असं, की हप्ता पहिल्या पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाता कामा नये. 18,000 वर 4,500. जास्त जात असेल तर ते कॉलेज सोड, इमारत कितीही देखणी असू दे.

फीच्या कागदावर नसलेला खर्चही धर. होस्टेल, मेस, गणवेश, प्रॅक्टिकलला बाहेरच्या रुग्णालयात जायची बस, युनिव्हर्सिटीची फी, शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. चारही वर्षांचा आकडा लेखी माग.

मुलींसाठी एक मोठी गोष्ट झाली आहे आणि गावाकडे अजून नीट पोचलेली नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा त्यात बसत नाही, खासगी अभिमत विद्यापीठंही नाहीत. एजंट पहिल्या फेरीनंतरच घाई करतात, ‘जागा संपतायत, टोकन भरा’ म्हणून. भरू नका. शेवटच्या फेरीपर्यंत थांबलात तर कर्ज होस्टेल-मेसपुरतंच उरू शकतं. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्ताच काढायला टाका, ऐनवेळी तलाठी आणि सेतूच्या चकरा पुरत नाहीत.

फी कमी म्हणून कुठलंही कॉलेज घेऊ नकोस, हेही तेवढ्याच कळकळीने सांगते. बीएस्सीच्या कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय असावं असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे. खाटा आहेत का ते पाहणीला येणारे बघतात, तू खाटांवर पेशंट आहेत का ते बघ. वॉर्डात डोकाव. चादरी घडीच्या घडी असतील, सलाइनचा एकही स्टँड वापरात नसेल, तर तिथे शिरेत सुई घालायला कशावर शिकणार? हात न बसलेली मुलगी मोठ्या रुग्णालयाच्या मुलाखतीत मागे पडते, आणि मग तोच कमी पगार पदरात येतो. म्हणून जिल्हा रुग्णालयाला किंवा सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेली जागा मिळाली, तर दुसरा विचार करू नकोस.

बीएस्सीची जागा सहा लाखांची आणि जीएनएम डिप्लोमाची सरकारी जागा हाताशी, असा पेच पडला तर मी जीएनएम घ्यायला सांगेन. तीन वर्षांत कमावती होशील, छोट्या रुग्णालयांत सुरुवातीच्या पगारात दोघींत फारसा फरक नसतो. पुढे आपल्या कमाईतून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा जीएनएमवरही देता येते, फक्त पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी छोट्या नर्सिंग होममध्ये धरू नकोस, आणि अनुभवाचं प्रमाणपत्र खाटांच्या संख्येसह घे.

‘परदेशात गेली की वर्षात फिटेल’ असं कुणी म्हणालं, तर त्या भरवशावर कर्ज वाढवू नका. परदेशी पाठवणाऱ्या परवानाधारक एजंटला कायद्याने 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. कुणी लाखांत बोलला की उठायचं.

बँकेत बाबांबरोबर तूही जा, सही तुझीही आहे. बँकांच्या आदर्श शिक्षण कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. सातबारा मागितला तर कुठल्या नियमाने ते लेखी मागा. फायनान्स कंपनीकडे जायच्या आधी दोन सरकारी बँकांचे दर विचारा. आणि जमेल तसं शिकतानाच व्याज भरत जा. वरच्या हिशेबात पहिल्या वर्षी ते महिना 1,250 येतं, चौथ्या वर्षी 5,000. सगळं भरलंत तर हप्ता 7,900 वर येतो आणि एकूण सव्वा लाखाच्या आसपास वाचतात. दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा घे आणि भरलेली रक्कम तुझ्याच कर्जखात्यात जमा झाली आहे ना, ते ताडून बघ.